ब्रेकवरचा हलका पाय

१४ जून, शुक्रवार

आज दुपारी मी फिनलेला घेऊन गाडीसकट समुद्रात गेले.

लिहिल्यावर हे फारच भयंकर दिसतंय. प्रत्यक्षात सगळं इतकं सावकाश झालं की अजूनही ते खरंच घडलं की डुलकीत पाहिलं, ते कळत नाही. ओहोटी होती. सकाळी खाडीवर उतरलेलं धुकं दुपारीही हललं नव्हतं, पलीकडचे डोंगर तर नव्हतेच. नातवाला होड्या दाखवाव्यात म्हणून मी होड्या पाण्यात सोडायच्या उताराच्या तोंडाशी थांबले. इंजिन चालू, पाय ब्रेकवर. ‘‘ती बघ पिवळी होडी,’’ म्हटलं, आणि पिवळी होडी आमच्याकडे यायला लागली. मला वाटलं, तीच येतेय. किती छान, असंसुद्धा वाटलं! मग पायाखालचं पेडल खाली खाली जाताना जाणवलं, मऊ चिखलात काठी रुतावी तसं, आणि काचेपुढून दोन बगळे उडाले. दचकून मी जोरात पाय दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. तोवर पुढची चाकं निम्मी पाण्यात होती. मागे फिनले खदखदून हसत होता. आठ महिन्यांच्या माणसाला आजीने समुद्रात नेलं तर त्यात वावगं काय!

शेजारच्या मिरिआमाने तिच्या ट्रकला दोर बांधून आम्हाला बाहेर ओढलं.

मर्डोने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, ‘‘तू तेव्हा कुठे बघत होतीस?’’

‘‘होडीकडे.’’

‘‘हं,’’ तो म्हणाला.

माझा नवरा चाळीस वर्षं जमिनी मोजायच्या खात्यात होता. त्याच्या ‘हं’मध्ये हद्दी आखलेल्या असतात.

१७ जून, सोमवार

गाडी शोरूमवाल्यांनी ओढून नेली. दोन वर्षांची गाडी आहे, वॉरंटी तीन वर्षांची. एप्रिलमध्ये सर्व्हिसिंगच्या वेळी मी त्यांना सांगितलं होतं की पेडल कधीकधी बुडतं. तेव्हा ‘तपासलं, दोष नाही’ असं कागदावर लिहून आलं होतं. तो कागद मी जपून ठेवलाय, म्हणजे त्याच्या पाठीमागे एका शेवाळाचं चित्र काढलंय.

तिथला सर्व्हिस मॅनेजर केल्विन ड्रायडन, तिशी-पस्तिशीचा, बोलायला गोड. म्हणाला, ‘‘मिसेस गेडिस, ब्रेक उत्तम आहेत. आमच्या दोघा मेकॅनिकनी कचकचून दाबून पाहिले.’’

‘‘पण पेडल खाली गेलं.’’

‘‘मग गाडी थांबली कशी?’’

‘‘मी पुन्हा दाबलं तेव्हा थांबली.’’

‘‘म्हणजे ब्रेक लागला.’’ त्याने हात पसरले. ‘‘लागला ना?’’

त्याच्या मागच्या भिंतीवर नव्या गाडीचा मोठा फोटो होता, ती गाडीही धुक्यातून येत होती. मी तिच्याकडेच बघत राहिले. मग तो अगदी हळुवारपणे म्हणाला, ‘‘होतं असं कधीकधी. लक्ष जातं दुसरीकडे.’’

२५ जून, मंगळवार

शोरूमचं पत्र आलं. वॉरंटी लागू नाही. कारणं दोन. एक, चालकाला उतारावर सतत ब्रेकवर पाय ठेवून चालवायची सवय आहे. दोन, गाडीत समुद्राचं पाणी गेलं आहे. फोन करून मी विचारलं, ‘‘पाणी ब्रेक गेल्यानंतर लागलं. आधी कसं लागेल?’’ केल्विन म्हणाला, ‘‘ते तुम्ही म्हणता.’’

ते मी म्हणते. दिवसभर हे वाक्य डोक्यात फिरतंय. गेली पन्नासेक वर्षं बऱ्याच गोष्टी फक्त मीच म्हणत आलेय. शाळेत बाई म्हणायच्या, उना खिडकीबाहेर राहते. पुढे संग्रहालयात शेवाळांची चित्रं काढायची नोकरी लागली, तिथे मात्र एकाच गोष्टीकडे तासन्‌तास बघत बसलं तर कोणी रागवायचं नाही.

संध्याकाळी मोरागचा फोन. ‘‘आई, शुक्रवारी आता फिनलेला पाळणाघरात ठेवते.’’

‘‘का गं? मी आहे की.’’

‘‘तू आहेसच गं. तुला भेटायला आम्ही येऊ ना, रविवारी.’’ मग, ‘‘तू मनाला लावून घेऊ नकोस.’’

मी लावून घेतलं नाही. फक्त शुक्रवारसाठी शिजवून ठेवलेल्या भोपळ्याचं काय करायचं ते कळेना. मग तो मीच खाल्ला, छोट्या चमच्याने.

३ जुलै, बुधवार

मिरिआमा चीज रोल घेऊन आली. अठ्ठावीस वर्षं तिने या डोंगरांवर शहराची बस चालवली. तिला सगळं पुन्हा सांगितलं.

‘‘तू रडलीस का त्याच्यासमोर?’’

‘‘नाही.’’

‘‘शिव्या दिल्यास?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग केलंस काय?’’

‘‘भिंतीवरचा फोटो बघितला.’’

‘‘देवा!’’ तिने कपाळाला हात लावला. ‘‘बाई गं, मागच्या उन्हाळ्यात हातात कप धरून तू माझ्या दारात उभी होतीस आणि मला विचारत होतीस, माझा कप पाहिलास का. ते मी कधी विसरणार नाही. पण गाडी सरकली म्हणतेस तर सरकली. खोटं बोलायला जेवढं लक्ष लागतं तेवढं तुझ्याकडे नाहीच.’’

इतका मोठा विश्वास माझ्यावर आजवर कोणी दाखवला नव्हता.

गाड्यांच्या तक्रारी ऐकणारा एक लवाद आहे, वकील लागत नाही, हे तिनेच सांगितलं. अर्ज तिने आणला होता. मर्डो खिडकीशी बटाटे सोलत होता. मी विचारलं, ‘‘तू येशील ना माझ्याबरोबर?’’

तो बटाट्याचे डोळे काढत राहिला. ‘‘मी काय सांगणार तिथे? मी काही पाहिलेलं नाही.’’

‘‘मी सांगते ना तुला.’’

‘‘पाहिलं नाही ते मी सांगू शकत नाही, उना.’’

मिरिआमाने माझ्याकडे पाहिलं आणि एक चीज रोल उगाचच दुसऱ्या बशीत ठेवला.

१२ जुलै, शुक्रवार

अर्ज गेला. गाडी परत आलीय, अंगणात उभी आहे, धुऊन पुसून, काही न झाल्यासारखी.

आज खुंटीवर किल्ली नव्हती. मर्डोच्या कोटाच्या खिशात ती वाजली. शुक्रवार होता आणि मला कुठे जायचंही नव्हतं.

२० जुलै, शनिवार

मर्डोला काय झालंय कोण जाणे. चार-पाच दिवस झाले, सकाळी लापशी झाली की ‘‘ब्रेड आणतो’’ म्हणून माझ्या गाडीने जातो. दुकान खाली, पाच मिनिटांवर. हा वरच्या डोंगराच्या रस्त्याने जातो आणि तासाभराने येतो. दोनदा ब्रेडच विसरला. तिसऱ्यांदा आणला तर आधीचेच दोन पडले होते! आयुष्यात कधी काही न विसरलेला माणूस. वयच म्हणायचं. मला त्याच्याबद्दल माया वाटली, आणि थोडं बरंही वाटलं; घरात आता दोघं विसरभोळे.

कोट झटकताना त्याची खिशातली वही पडली. त्यात तारखा आणि प्रत्येक तारखेपुढे शून्य. खाली खाली शून्यं. म्हणजे हा वर पक्षी मोजायला जातो! एखादा दुर्मीळ पक्षी असेल, रोज वाट बघतो आणि तो येत नाही. मला सांगायला लाजत असेल, कारण पक्ष्यांचं वेड आजवर माझ्याकडे होतं. वही मी होती तशी ठेवली. रात्री स्वप्नात तो डोंगरावर उभा होता, हाताच्या ओंजळीत दाणे घेऊन, आणि आभाळ कोरं होतं.

१ ऑगस्ट, गुरुवार

केल्विनचा फोन. लवादाचं पत्र त्यांना पोचलंय. फार गोड बोलला. ‘‘हे कशाला वाढवायचं, मिसेस गेडिस? आम्ही सगळे ब्रेक पॅड नवे घालून देतो, फुकट. तुम्ही एका कागदावर सही करा की चालवताना तुमचं लक्ष विचलित झालं होतं. बस्स. विषय मिटला.’’

कागद दुपारी आलाही. चारच ओळी. मी टेबलाशी बसून पेनाचं टोपण काढलं. खरं सांगायचं तर मी सही करणार होते. लक्ष विचलित झालंच होतं ना. होडी पाहत होतेच. सही केली की मोराग म्हणेल, बरं झालं, मर्डो म्हणेल ‘हं’, आणि हे सगळं खाडीवरच्या धुक्यासारखं निघून जाईल.

पेन हातात होतं म्हणून बाजूच्या पाकिटावर आधी एक पाय चितारला. माझाच, तपकिरी बुटातला. त्याच्याखाली पेडल. मग तेच जरा खाली. मग आणखी खाली. पाय तोच, घोट्याचा कोन तोच, टाच हललेली नाही. आणि पेडल आपलं आपण उतरत चाललेलं. पाच चित्रं झाली. छत्तीस वर्षं मी जे बघितलं तेवढंच काढलंय. माझं डोकं भटकतं, हात भटकत नाही. चित्रांतला तो पाय कुठेही सुटलेला नव्हता. तो पूर्ण वेळ ब्रेकवर होता.

कागदाची घडी करून चुलीत टाकली. नंतर भीती वाटली, पण तोवर तो जळला होता.

९ ऑगस्ट, शुक्रवार

आज एक विचित्र आणि गोड गोष्ट घडली.

सकाळी पाऊस होता, मर्डो पक्ष्यांना गेला नाही; हल्ली तो तसाही दोन-तीन दिवसांनीच जातो. मी ती पाच चित्रं लवादासाठी नीट मोठ्या कागदावर उतरवत होते. तो मागे येऊन बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, ‘‘बूट काढ.’’

‘‘कशाला?’’

‘‘काढ तर.’’

आणि हा सत्तर वर्षांचा माणूस गुडघ्यांचा कटकट आवाज करत माझ्या खुर्चीसमोर जमिनीवर बसला. आपला तळहात माझ्या पायाखाली धरला. ‘‘दाब. ब्रेक दाबतेस तसा. त्या दिवशी होड्यांपाशी थांबलीस तेव्हाचा.’’

मी दाबला.

‘‘एवढाच?’’

‘‘एवढाच. उभ्या गाडीला आणखी किती लागतो?’’

‘‘मी याच्या पाचपट दाबतो,’’ तो म्हणाला. हात तसाच होता. ‘‘आणखी एकदा. आणि काढू नकोस, ठेव तसाच.’’

त्याचा तळहात गरम होता आणि बटाट्यांमुळे थोडा खरखरीत. खिडकीवर पाऊस. आम्ही असे किती वेळ बसलो माहीत नाही. लग्नानंतर पहिल्या वर्षी समुद्रात पोहून आल्यावर तो माझे पाय असेच हातात धरून गरम करायचा. मला वाटलं त्याला तेच आठवलं असावं. मी त्याच्या केसांवरून हात फिरवला तर तो म्हणाला, ‘‘थांब, मी मोजतोय.’’

१० ऑगस्ट, शनिवार

सकाळी मर्डो गेला आणि दोन तासांनी चालत परत आला. गाडीशिवाय. चेहरा पांढरा, पँटला काट्यांच्या झुडपाचे ओरखडे. टेबलाशी बसला, चहाला हात लावला नाही.

‘‘गाडी कुठंय?’’

‘‘वर आहे. मिरिआमा ट्रकने आणेल. आता ती गाडी कोणी चालवायची नाही. तू नाही, मी नाही.’’

म्हणजे किल्ली आता कायमचीच गेली. मग तो म्हणाला, ‘‘लवादापुढे मी येतो.’’

‘‘तू तर म्हणत होतास, सांगण्यासारखं काही नाही.’’

‘‘येतो म्हटलं ना.’’

त्याच्या शून्यांना काय झालं, तो पक्षी दिसला का, विचारावंसं वाटलं. पण तो इतका थकलेला दिसत होता की मी फक्त त्याच्या पँटवरचे काटे काढत बसले.

२१ ऑगस्ट, बुधवार

आज सुनावणी झाली.

शहरातली एक साधी खोली. निवाडा करणाऱ्या मिसेस ओकेन, चष्मा कपाळावर, आणि त्यांच्या शेजारी गाड्यांचा जाणकार म्हणून बसलेले मिस्टर वाका, टोंगा बेटांवरचे, दाराएवढे रुंद. समोर केल्विन, नव्या टायमध्ये. गाडी खाली आवारात ट्रकवरून आणून ठेवली होती.

केल्विनने त्याचं सांगितलं. ब्रेक चोख, चालकाचं लक्ष नव्हतं, वर खारं पाणी. मी माझं सांगितलं आणि मध्येच हरवले. धुक्याबद्दल जास्त बोलले असणार. मिसेस ओकेननी माझी चित्रं मिस्टर वाकांकडे सरकवली, ते एकेक चित्र हातभर लांब धरून बघत राहिले.

मग मर्डो उठला. खिशातून वही काढली आणि सर्वेक्षणाचा अहवाल वाचावा तशा आवाजात वाचायला लागला. ‘‘सोळा जुलै. वरच्या रस्त्याचा उतार, आठ थांबे. पेडल खाली गेल्याच्या वेळा, शून्य. सतरा जुलै. आठ थांबे. शून्य...’’

मी त्याच्याकडे बघत राहिले. पक्षी कुठेच नव्हते.

अकरा शून्यं वाचून झाल्यावर मिसेस ओकेननी विचारलं, ‘‘मिस्टर गेडिस, इतक्या वेळा का तपासलंत?’’

‘‘माझा बायकोच्या सांगण्यावर विश्वास नव्हता म्हणून.’’

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही, वहीकडेच पाहत होता, आणि त्याचे कान लाल झाले होते.

‘‘आणि त्यानंतर?’’

‘‘बाराव्या वेळी मी तिच्यासारखा पाय ठेवला. हलका. तोवर मी माझ्यासारखाच दाबत होतो, जोरात. या लोकांचे मेकॅनिकही तसेच दाबतात. हलका ठेवल्यावर साधारण वीस सेकंदांत पेडल तळाला गेलं. समोर कठडा नव्हता, पुन्हा दाबून बघायचा धीर झाला नाही. मी गाडी झुडपात घातली.’’ त्याने वही मिटली. ‘‘माझं इतकंच.’’

केल्विन म्हणाला, ‘‘हे नवरा-बायको आहेत. एकमेकांची बाजू घेणारच.’’

‘‘यांनी कुठे घेतली?’’ मिसेस ओकेन म्हणाल्या.

मिस्टर वाका उठले. ‘‘चला, खाली जाऊ.’’

आम्ही सगळे गाडीभोवती उभे राहिलो. ते कसेबसे आत बसले, इंजिन सुरू केलं, आधी ब्रेक जोरात दाबला. काही नाही. केल्विन मान हलवायला लागला. मग मिस्टर वाकांनी बूट काढला. इतक्या मोठ्या माणसाच्या पायात पिवळ्या ठिपक्यांचा मोजा होता. त्यांनी पाय असा ठेवला, जसा झोपलेल्या बाळाच्या पोटावर आपण हात ठेवतो, आणि डोळे मिटून घेतले. आवारात एक कबुतर चालत होतं.

‘‘चाललं,’’ ते म्हणाले. ‘‘चाललं... चाललं... तळाला.’’

मग उतरून त्यांनी केल्विनला समजावलं, कोणालाही समजेल असं. पेडलमागे जो ब्रेकचा मुख्य सिलिंडर असतो त्याच्या आतलं रबर सदोष आहे. जोर दिला की ते घट्ट बसतं आणि ब्रेक लागतो. हलका दाब ठेवला की तेल त्याच्या बाजूने गळून मागे जातं. ‘‘पाण्याशी याचा संबंध नाही. आणि पॅड नवे घातले असते तरी काही झालं नसतं. बाईंनी एप्रिलमध्येच सांगितलं होतं ना तुम्हाला?’’

केल्विन खाली बघून म्हणाला, ‘‘आमचे लोक जोरात दाबतात, सर.’’

घरी येताना मिरिआमाच्या ट्रकमध्ये आम्ही तिघं एका रांगेत. ती जिंकल्याच्या खुशीत गात होती. मी मर्डोला विचारलं, ‘‘अकरा दिवस. पहिल्याच दिवशी मला विचारलं असतंस तर?’’

तो म्हणाला, ‘‘विचारायला पाहिजे होतं.’’

माझ्यासाठी तो डोंगरावरून पडता पडता राहिला. आणि माझं खरं मानण्यासाठी त्याला तिथवर जावं लागलं. या दोन गोष्टी मी आलटून पालटून हातात घेऊन बघतेय. कधी एक जड वाटते, कधी दुसरी.

५ सप्टेंबर, गुरुवार

निकाल आला. दोष सुरुवातीपासून गाडीत होता, वॉरंटी लागू, मुख्य सिलिंडर शोरूमने बदलून द्यायचा. सातव्या परिच्छेदात लिहिलंय, ‘अर्जदाराचं निरीक्षण अचूक होतं.’ माझ्याबद्दल असं वाक्य शिक्का मारलेल्या कागदावर! मी मोरागला फोनवर वाचून दाखवलं. ती रडायला लागली. ‘‘आई, मला वाटलं होतं...’’

‘‘मला पण तेच वाटलं होतं गं,’’ मी म्हणाले. ते खरंच होतं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

गाडी परवा आली. किल्ली मर्डोने खुंटीवर लावली नाही, माझ्या हातात आणून दिली. गेले पंधरा दिवस आम्ही एकमेकांशी फार जपून वागतोय, पाहुण्यांसारखं. रागावलेय का? थोडी आहे. सकाळी जास्त, दुपारनंतर कमी.

आज शहरातून फिनलेला आणायचं होतं. मर्डो म्हणाला, ‘‘मी येऊ?’’ मी म्हटलं, ‘‘ये.’’ मोरागने बाळाची खुर्ची मागच्या सीटवर स्वतः बसवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला, मग तिसऱ्यांदा न ओढता दार लावलं.

परतीला खाडीकाठचा रस्ता. भरती होती, पाणी रस्त्याला लागून, हिरवट, काचेसारखं. वळणावर मी पाय ठेवायची तेव्हा पेडल तिथेच थांबायचं, खालून कोणीतरी तळहात धरल्यासारखं. मर्डो खिडकीबाहेर बघत होता. मी त्याला सांगायला लागले की या प्रकाशात शेवाळ जांभळं दिसतं, पुस्तकात कायम तपकिरी छापतात. त्याने ‘हं’ केलं नाही. वळून पाहिलं तर त्याची मान काचेला टेकली होती आणि तोंड किंचित उघडं होतं. अडतीस वर्षांत मी चालवत असताना हा माणूस एकदाही झोपला नाही. प्रत्येक वळणाआधी ‘वळण आहे’ म्हणायचा. आज घोरत होता. मागे फिनलेही झोपलेला.

आमचं घर आलं आणि गेलं. मी गाडी थांबवली नाही.